दोन मिनिटांचं काम

निबंधक कार्यालयासमोर टेबल टाकून मी पंधरा वर्षं दस्त टाइप करतेय. ठरलेल्या नमुन्यात फक्त नावं बदलत जायची. त्यात नऊ जागांपैकी एखाद्या जागी आधीच्या माणसाचं नाव तसंच राहायचं, कागद परत यायचा आणि बोलणी मी खायची.

गेल्या महिन्यात लेकीने मॅक्रो करून दिला. आता एक बटण दाबलं की संगणक नाव, वय, गाव एकदाच विचारतो आणि नऊही जागा आपणच भरतो. अर्ध्या तासाचं काम दोन मिनिटांवर आलं.

आज एक गृहस्थ बहिणीला घेऊन आले. तिला बाकावर बसवून माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "हक्कसोडपत्र करायचंय." कागद लगेच निघाला, तसे ते साक्षीदाराला बोलवायला गेले. पूर्वी मी तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक घेतलं असतं. आता हाताशी वेळ होता.

"मावशी, सही करण्याआधी ऐका," म्हणत मी वाचू लागले. "वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने कायमचा सोडत आहे..."

"कायमचा?" त्यांनी मला थांबवलं. "दादा तर म्हणाला, सातबाऱ्यावर माझं नाव लावायला सही हवी."

"कागदात तसं नाही, मावशी."

पेनाला टोपण लावून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

साक्षीदाराला घेऊन भाऊ परतले. "झालं का?"

"या ताईंचं काम दोन मिनिटांत झालं, दादा," मावशी म्हणाल्या. "मला वेळ लागेल."