डाव्या हाताची चिठ्ठी

चार चिठ्ठ्या वाचून झाल्या, तरी सिस्टरांची चिठ्ठी काही निघेना. व्हीलचेअरवर बसल्या बसल्या त्या चाक पुढे घेत, मागे घेत. चाक करकरलं की मिस्त्री तिकडे बघत.

साध्या खुर्च्या गोदामात दोनच. त्यामुळे संस्थेची वर्षअखेरची बैठक दरवर्षी अशीच भरायची. कोणी व्हीलचेअरवर, कोणी पलंगाच्या कडेवर, आणि ड्रायव्हर कमोडच्या खुर्चीवर, झाकण लावून. आजारी माणसांच्या घरी पलंग, वॉकर, कुबड्या पोचवायच्या, गरज संपली की परत आणायच्या, हे काम बावीस वर्षं चाललं होतं. इस्पितळातली नोकरी सोडून सिस्टरांनीच ते उभं केलं. पहिल्याच वर्षी एक पलंग जिन्यात असा अडकला की दोन दिवस शेजारीपाजारी त्याच्याखालून रांगत गेले. तेव्हापासून नियम झाला. दार किती रुंद, पेशंट कसा, हे सिस्टर स्वतः जाऊन बघणार. तोवर सामान हलणार नाही.

यंदा मॅनेजर मुलीनं नवीन टूम काढली होती. नाव न घालता प्रत्येकानं लिहायचं, पुढच्या वर्षी आपण काय बंद करावं? सात माणसं, सात चिठ्ठ्या आणि औषधांचा एक रिकामा खोका. सिस्टरांनी कोपऱ्यात जाऊन, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं, ‘सिस्टरांनी आता निवृत्त व्हावं.’

का, तर त्यांना ऐकायचं होतं. गेले काही महिने त्या आत आल्या की चालू असलेलं बोलणं तुटायचं. एकदा ही चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली जाऊ दे. ‘छे छे, काहीतरीच काय!’ म्हणून सगळे उसळतील, आणि जिवाला जरा बरं वाटेल. पुढचं उत्तरसुद्धा त्यांनी तयार ठेवलं होतं, ‘अहो असू दे, ज्याचं त्याचं मत.’ साठी उलटलेल्या बाईचे हे उद्योग! पण केला होता खरा.

पाचवी चिठ्ठी निघाली. ‘बैठकीत पंखा बंद करणं बंद करा.’ सगळे हसले. सिस्टरांनी चाक मागे घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजरनं घेतला आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, “सिस्टर, परत तेच. वडिलांच्या पाठीला जखमा झाल्यात म्हणतायत. पलंग आज मिळेल का?”

“उद्या येते म्हणावं बघायला. आज गुडघा ऐकत नाहीये.”

त्यांच्यासाठीचा पलंग गोदामाच्या दाराशीच होता, चार दिवस. ‘ब्रेक ठीक. तयार.’ असं मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर लिहून दांडीला बांधलं होतं. फोन खाली ठेवल्यावर कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

सहावी चिठ्ठी मॅनेजरनं उघडली आणि ती थबकली.

“वाच की,” सिस्टर म्हणाल्या.

“‘मे महिन्यात आपण पलंग घेऊन पोचलो तेव्हा आजी गेलेल्या होत्या. सिस्टरांनी बघायला जाणं बंद करावं.’”

ही त्यांची नव्हती. तरी सिस्टरांनी मान खाली घातली आणि वाट बघितली. आता कोणीतरी बोलेल. ड्रायव्हरला एकाएकी आपल्या बुटांची नाडी फार महत्त्वाची वाटू लागली. अरे, बोला की कोणीतरी!

शेवटी त्याच म्हणाल्या, “काय हो मिस्त्री? पहिल्या दिवसापासूनचे तुम्ही. तुम्हाला काय वाटतं?”

“लिहिलंय तेच वाटतं,” मिस्त्री म्हणाले.

सिस्टरांनी चिठ्ठी हातात घेतली. पुठ्ठ्यावरचंच अक्षर. आधी त्यांना संताप आला, अगदी कानापर्यंत. मग मे महिन्यातला तो जिना आठवला. तेव्हाही गुडघाच होता, तेव्हाही चार दिवसच गेले होते. पलंग आलेला बघून त्या घरची सून पुढे आली होती. तिनं दाराची दोन्ही कवाडं उघडून धरली होती आणि एवढंच म्हणाली होती, “दार मोठं होतं हो आमचं.”

“एक राहिलीय,” मॅनेजर घाईघाईनं म्हणाली. “ती उद्या वाचू.”

“दे इकडे.”

सिस्टरांनी घडी उलगडली. वेडीवाकडी अक्षरं. मनात आलं, काहीही वाचावं. चहात साखर कमी करा म्हणावं, कोण बघतंय? चाक पुढे गेलं, मागे आलं. मग त्यांनी होतं तेच वाचलं, “सिस्टरांनी आता निवृत्त व्हावं.”

“हे कोणी लिहिलं?” ड्रायव्हर ताडकन उठला. “एवढं कोण म्हणालं होतं?”

“मी,” सिस्टर म्हणाल्या. “डाव्या हातानं लिहिलंय, म्हणून अक्षर तसं आहे.”

आणि मग एकच गलका झाला. छे छे, सिस्टर! काहीतरीच काय! मॅनेजरचे डोळे भरून आले. मिस्त्री तर उभेच राहिले आणि म्हणाले, “अहो, मी जाणं बंद करा म्हटलं, तुम्हाला कुठं बंद करा म्हटलं!” सकाळपासून ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते सगळं एकदम पदरात पडलं.

सिस्टरांनी व्हीलचेअरचा ब्रेक लावला आणि त्या उठल्या.

“ते छे छे नंतर करा,” त्या म्हणाल्या. “आधी तो पलंग उचला. दार किती रुंद आहे ते फोनवर विचारून घ्या. मी येत नाहीये.”