पांढऱ्याचा घसा

डॉक्टरांनी कोंबड्याची चोच दोन बोटांनी उघडली आणि आत टॉर्च मारला.

"घसा तर स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कधीपासून आरवत नाही?"

"बायको गेल्यापासून," तात्या म्हणाले. "भिंतीवर चढतो, पंख फडफडवतो, मान ताणतो, चोच उघडतो. सगळं अगदी साग्रसंगीत. आवाज तेवढा नाही."

परक्या टेबलावर पांढरा अंग चोरून बसला होता. घरी एवढा शहाणा तो कधीच नसायचा.

डॉक्टर हात धुवायला वळले. तात्या थांबले. डॉक्टर पुन्हा समोर आल्यावर तात्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

ही जुनी खोड. उभा जन्म कापडाच्या कारखान्यात मागांवर गेला होता. तिथल्या खडखडाटात कानांना काही काम नसे. समोरच्याचे ओठ बघायचे आणि बोलणं उचलायचं. कारखान्यातले सगळेच तसे. सुट्टीच्या दिवशी बागेत भेटले तरी एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बसायचे, आणि त्यांच्या बायका हसून बेजार व्हायच्या.

"म्हटलं, दाणे कोण घालायचं?"

"तीच."

"मग तेच असेल. आरवणं म्हणजे काय हो, ही जागा माझी, ह्या कोंबड्या माझ्या, असं जगाला बजावणं. दाणे घालणारा हात बदलला की काही नर बिचकतात. त्यांची जागा त्यांना आपली वाटत नाही. तुम्ही तिच्यासारखं वागून बघा. तिची वेळ, तिचे कपडे."

"आणि नाहीच आरवला तर?"

"तर मग ती चोच तो आरवायला उघडत नाही, हवेसाठी उघडतो असं समजा. वय झालंय. अशा वेळी हाल करू नयेत."

तात्यांनी पांढऱ्याला डालग्यात ठेवलं, वर फडकं बांधलं आणि घरी आणलं.

बायको गेली तेव्हा ते रडले नव्हते. लेक आली, गळ्यात पडून रडली, आठवडाभर राहून परत गेली. तात्यांना काहीच झालं नाही. पाय झोपावा तसं सगळं अंगच झोपलं होतं. लेकीशी फोनवरही धड बोलणं होईना. नेटवर्क इतकं भिकार की तिचा आवाज पोचायचाच नाही. शेवटी ती मेसेज पाठवू लागली. जेवलात का बाबा. ते उत्तर द्यायचे, हो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाने घेतली होती. पांढरा एकदा आरवला की घर पुन्हा सुरू होईल. कारण त्यांची सकाळ तशीच व्हायची. ती खांद्याला हात लावून हलवायची. "अहो, आरवला बघा. उठा." मग चहा, मग दाणे, मग दिवस. आता ते उजाडल्यावर कधीतरी आपोआप जागे व्हायचे आणि आढ्याकडे बघत पडून राहायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा निळा स्वेटर चढवला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. आरशात बघायचं त्यांनी टाळलं. परसात जाऊन त्यांनी तिच्यासारखं "या गं, या गं" केलं. कोंबड्या धावत आल्या. त्यांना काय, दाण्याशी मतलब.

पांढरा भिंतीवर चढला. पंख झटकले, छाती फुगवली, मान आभाळाकडे ताणली, चोच उघडली. तात्यांनी श्वास रोखून धरला.

काही नाही.

भिंतीपलीकडच्या अंगणात शेजारीण तान्ह्या बाळाला खांद्यावर थोपटत फिरत होती. तिने एकदा इकडे पाहिलं आणि लगबगीने आत निघून गेली. हल्ली तिचं असंच चाललं होतं. जिथं माणूस गेलंय त्या घराकडे बघायला कुणाला आवडतं, असं तात्यांना वाटलं, आणि त्याचंही त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

ते स्वेटर घालून रोज परसात जात राहिले. पांढरा रोज भिंतीवर चढत राहिला. पुढेपुढे तर दिवसभर त्याचं तेच. उन्हात, सावलीत, जेवणाच्या वेळी, तात्या खिडकीत बसलेले असताना. मान ताणायची, चोच उघडायची आणि मिटायची. त्याला तसं बघताना त्यांना तिची शेवटची रात्र आठवायची. तीही हवेसाठी अशीच तोंड उघडत होती, आणि ते हात धरून नुसते बसले होते.

एका सकाळी त्यांना ते बघवेना. तेव्हा काही करता आलं नाही, निदान आता तरी करू, असं ते मोठ्याने म्हणाले आणि डालगं काढलं.

कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याने फडकं सोडलं. पांढऱ्याने मान उंच करून चोच उघडली. पुढे उभी असलेली एक बाई दचकून मागे सरली. चिकनवाला पाठमोरा होऊन गिऱ्हाइकांना काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले.

मग तो तात्यांकडे वळला. "कापायचा ना?"

"हाल करू नका," तात्या म्हणाले. "त्याला श्वासाचा त्रास आहे."

चिकनवाल्याने त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. तात्या रिकामं डालगं घेऊन घरी आले. छातीत काहीतरी हललं, पण रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दाणे टाकत होते, तेव्हा शेजारीण भिंतीपाशी आली. बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याकडे बघून हसली. तात्यांनी सवयीने तिच्या ओठांकडे पाहिलं.

"पांढऱ्याला दिलंत म्हणे. रागावू नका तात्या, पण सुटलो हो आम्ही. काकू गेल्यापासून दिवसभर नुसता घसा फोडून आरवायचा, बाळ दचकून दचकून उठायचं. कितीदा सांगायला आले आणि परत फिरले. म्हटलं, तात्यांना तेवढाच त्या आवाजाचा आधार असेल."