कड्यावरचं एकच रोप

गच्चीवरच्या कुंडीतल्या रोपाचं सुकलेलं बोंड नुरियाने तळहातावर उलटं केलं. काळं बी भुरभुरलं.

"पहिल्या वर्षापासून असंच लगडतं हो," रोपाला पाणी घालत रेमेदियोस कौतुकाने म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा खिनेस काबो दे गाताच्या समुद्राकाठच्या काळ्या कड्यावर दोराने उतरला होता. रानटी स्नॅपड्रॅगनचं रोप घेऊन आला. मिटल्या ओठांची गुलाबी फुलं. त्या कड्यांखेरीज जगात कुठे न उगवणारं. "दर्यामातेची शपथ, एकच उपटलंय. तुझ्यासाठी. दुसरं उपटायचं पाप माझ्या हातून व्हायचं नाही." बी मात्र तो दरवर्षी स्वतः नेऊन कड्यावर सोडायचा. कड्याचं ते कड्याला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. म्हणून यंदा तिने अल्मेरियाच्या बीजपेढीतून नुरियाला बोलावलं होतं.

शेजारची आरासेली तिथंच कठड्याला टेकून अंजीर सोलत होती. "नवऱ्याला कधी एवढं न्हाऊमाखू घातलं नसेल हिनं!"

"तू गप गं," रेमेदियोस आरासेलीला म्हणाली आणि नुरियाकडे वळली. "पोरी, गुड फ्रायडेला हिचा आवाज ऐक. खिडकीतून पालखीतल्या मातेला गाऊन आळवते, दगडाला पाझर फुटेल! खिनेस पालखीचा पुढचा खांदेकरी. हिच्या खिडकीखाली तो थांबला, की पालखी जागची हलायची नाही."

नुरियाचं लक्ष बियांकडे होतं. "मावशी, दुसरं झाड कुठंय?"

"दुसरं नाहीच."

"असणारच. हे स्वतःचा पराग घेत नाही. भुंग्याने दुसऱ्या झाडाचा आणला, तरच बी धरतं."

"आणत असेल कड्यावरून."

"एवढ्या लांबून? छे. इथंच असणार, दोन-चार घरांत."

अंजीर सोलणारा हात थांबला.

एक भुंगा फुलाचे ओठ उघडून आत शिरला होता. पाठीवर पिवळी पूड घेऊन तो बाहेर आला, कठड्यावरून उडाला आणि शेजारच्या गच्चीवर उतरला. त्या गच्चीवर आरासेली कुणालाच नेत नसे. जिना मोडकाय, म्हणायची.

रेमेदियोसने ओले हात झग्याला पुसले. पुन्हा पुसले.

"पोरी, आणखी एक पिशवी काढ," आरासेलीकडे न बघता ती म्हणाली. "हिच्या गच्चीवरही बोंडं सुकली असतील. कड्याचं ते कड्याला जाऊ दे."