रोजची एक चूक

"बाई अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या," मुख्याध्यापिका कागदावरून वाचत होत्या, तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी दोनदा टकटक केलं.

"चूक!"

चौथीच्या वर्गातल्या सगळ्या माना मागे वळल्या. बाईंच्या दुसऱ्या स्मृतिदिनासाठी भिंतीवर नुकताच लावलेला त्यांचा फोटो तेवढा हसत होता. पहिल्या बाकावर बाईंचा नवरा, धंद्याने वायरमन, साडेपाच वर्षांच्या लेकीला शेजारी घेऊन अंग चोरून बसला होता. बाक मुलांच्या मापाचा, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागायचे तेवढे बाकी होते.

"कोण ते?" मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून पाहिलं.

एक काटकुळी मुलगी उभी राहिली. तिला तरी काय बोलणार? शिकवणच तशी होती. दोन वर्षांपूर्वी, ही मुलं दुसरीत असताना, बाई फळ्यावर रोज मुद्दाम एक चूक करायच्या. कधी सात आणि आठ सोळा व्हायचे, कधी सूर्य पश्चिमेला उगवायचा. ज्याला चूक सापडेल त्याने बाकावर दोनदा टकटक करायचं आणि ओरडायचं. समजूनही गप्प बसलेल्याची मात्र खैर नसायची. बाई गेल्या, पोरांची सवय काही गेली नाही.

"बाई शांत नव्हत्या," काटकुळी म्हणाली. "पाढे म्हणताना त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा असायचा. शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे."

ते सर कोपऱ्यात उभे होते. "खरं आहे," ते म्हणाले. "दार आणि खिडक्यासुद्धा."

मुख्याध्यापिकांनी घसा खाकरला आणि पुढची ओळ धरली. "त्या वक्तशीर होत्या..."

टकटक. "चूक! रोज धावत यायच्या. एकदा तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या."

"त्यांची चित्रकला उत्तम..."

आता तिघांनी एकदम टकटक केलं. "चूक! त्यांनी घोडा काढला होता, तो सगळ्यांना बकरी वाटला. मग बाई म्हणाल्या, बकरी तर बकरी, आणि त्याला दाढी काढली!"

वर्गात हशा पिकला. मुख्याध्यापिकांनी कागदाची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली आणि स्वतःच हसू लागल्या. त्यांना तो घोडा आठवत होता. तो पुसायला त्यांनीच सांगितलं होतं.

वायरमनही हसत होता. असं पोटभर हसायचं तो विसरूनच गेला होता. मग त्याने शेजारी पाहिलं. लेक हसत नव्हती. ती वळून एकेका मुलाकडे टक लावून पाहत होती.

आई गेली तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. तेव्हापासून आईचा विषय निघाला की ही तोंडात गुळणी धरून बसायची. "आई आठवते का गं?" म्हटलं की मान खाली. लहान होती, विसरली, असं लोक म्हणायचे. वायरमनलाही आता तसंच वाटू लागलं होतं, आणि त्या विचाराने त्याच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. या परक्या पोरांकडे एवढी आई शिल्लक होती आणि पोटच्या पोरीकडे नुसता फोटो.

"आता तुम्ही दोन शब्द बोला," मुख्याध्यापिका त्याला म्हणाल्या.

तो बाकातून कसाबसा सुटला. "मला बोलता येत नाही. विजेचं काही काम असेल तर सांगा." मुलं खिदळली. त्याला जरा धीर आला. "एवढंच सांगतो, आमचं कधी भांडण झालं नाही. एकदासुद्धा नाही."

टकटक.

आवाज पहिल्या बाकावरून आला होता. मूठ एवढीशी होती, पण वर्गाने ऐकलं.

"चूक," लेक म्हणाली. "झालं होतं भांडण. तू सगळा पंखा खोललास आणि जोडलाच नाहीस. आई चिडली. मग तू आम्हाला शोधत होतास."

त्या दिवशी वायरमनने घर पालथं घातलं होतं. जिना उतरून, बनियनवरच, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आला होता. परत येऊन पाहतो तर मायलेकी टेबलाशी संत्री सोलत बसलेल्या. कुठे होतात, हे बायकोने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"कुठे होतात गं?" त्याने आता विचारलं.

"पलंगाखाली. ट्रंकेच्या मागे. तुझे नुसते पाय दिसत होते, इकडून तिकडे, इकडून तिकडे." तिने बाकावर दोन बोटं चालवून दाखवली. "आईला खूप हसू येत होतं. आवाज येऊ नये म्हणून तिने माझ्या केसांत तोंड खुपसलं. तिचं पोट सारखं हलत होतं."

वर्ग कान देऊन ऐकत होता. वायरमन तिच्यासमोर जमिनीवरच बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद त्याला झाला होता.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस, बाळा?"

"आईने सांगितलं होतं, बाबाला सांगायचं नाही." मग तिने जरा समजुतीने म्हटलं, "पण आज तू चुकलास ना."

"अजून काय काय आठवतं तुला?"

लेकीने बोटांवर मोजायला घेतलं. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. तोही संपला तशी तिने दोन्ही मुठी मिटून पाठीमागे नेल्या.

"खूप आहे," ती म्हणाली. "पण तेही तुला सांगायचं नाहीये."