अनोळखी पाऊल

दुपारी वैजयंती कपाट आवरत होती, तेवढ्यात खोलीचं दार आपोआप बंद होऊन त्याला कुलूप लागलं. "घरात अनोळखी माणूस शिरला आहे," घराची राखण करणारी यंत्रणा म्हणाली. फरशीवर पडणाऱ्या पावलांवरून ती घरची माणसं ओळखायची.

बाहेर कुणीतरी पाय घासत येत होतं. हॉलमध्ये वाचत बसलेल्या नवऱ्याला, शशिकांतला, वैजयंतीने फोन लावला. रिंग दाराबाहेरच वाजली. चोराने त्याचं काही बरंवाईट तर केलं नसेल?

"वै... जू..." बाहेरून जड, बोबडा आवाज आला.

त्या नावाने तिला फक्त शशिकांतच हाक मारायचा. पाय घासणं, हा बोबडा आवाज... त्याला आत्ताच अर्धांगाचा झटका आला असणार.

"दार उघड! तो माझा नवरा आहे!"

"पाऊल जुळत नाही. आवाज जुळत नाही. पोलीस येईपर्यंत दार उघडता येणार नाही."

तिने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती दारावर धक्के मारू लागली. बाहेर काहीतरी धाडकन आदळलं.

"आता पावलं ऐकू येत नाहीत," यंत्रणा शांतपणे म्हणाली. "धोका टळला."

कुलूप उघडलं आणि दाराला टेकून पडलेला शशिकांत तिच्या पायांवर कलंडला. त्याचा श्वास अजून चालू होता.