बटर पेपरवरचा नॉर्वे

मृण्मयी पुढच्या आठवड्यात आई-बाबांबरोबर नॉर्वेला राहायला जाणार होती. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या आमच्या घरात, भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर माझी नात रडवेली होऊन उभी होती.

"आबा, इतका मोठा देश! मी गुम झाले तर?"

"सपाट नकाशात उत्तरेकडचं सगळं फुगतं, बेटा. खरा नॉर्वे आपल्या मध्य प्रदेशाहून जरासाच मोठा."

तिला पटेना. मी बटर पेपरवर नॉर्वे गिरवला, कापला आणि नकाशावरून खाली सरकवू लागलो. अर्ध्या वाटेत चूक लक्षात आली. सरकवल्याने कागदाचं माप थोडंच बदलतं? नेहमीसारखा मी ओशाळलो.

पण उज्जैनपाशी पोचेपर्यंत नॉर्वे माझ्या अंगठ्याएवढा झाला होता.

मी चष्मा पुसला. कागद वर नेला, तर तो पुन्हा फुगला. माझंच काहीतरी चुकत असणार.

मृण्मयी मात्र खुलली. "मस्त! आता माझा नंबर!" तिने आपला डावा पंजा गिरवून कापला, उज्जैनवर ठेवला आणि उजव्या हाताने वर ढकलू लागली.

"राहू दे," मी म्हणालो, पण इतक्या हळू की तिला ऐकू गेलं नसावं.

कागदी बोटं लांबत, जाड होत नॉर्वेपर्यंत पोचली. तिने डावा हात पाठीमागे लपवला.

"आबा, बांगड्या काढा ना. रुतताहेत."

मी कागद खाली ओढला. तो हलेना.

तिच्या पाठीमागे एक बांगडी तडकली.