च्युइंगमचा खटला

नाटक शिकवताना बाई सगळ्या पात्रांचे संवाद स्वतःच ठसक्यात म्हणायच्या. आज चेटकिणींच्या खटल्याचा प्रवेश होता. निरपराध बायकांवर आळ होता. न्यायाधीश प्रत्येकीला म्हणत होता, "दुसरीचं नाव घे, तुला सोडतो." "किती हलकट माणूस!" म्हणत बाई खुर्चीत टेकल्या आणि ताडकन उठल्या. खुर्चीपासून कपड्यांपर्यंत च्युइंगमची तार ताणली गेली होती. "कोणाचे हे उद्योग? नाव सांगा! सांगेल त्याला सोडते, बाकीचे मधल्या सुट्टीत इथेच!" मग शेवटच्या बाकावरच्याने पुढच्याकडे बोट दाखवलं. पुढच्याने शेजारणीवर ढकललं, "मी नाही बाई, ही!" तिने चौथ्याचं नाव घेतलं. पहिल्या बाकावरची चष्मिस मात्र पुस्तकात नाक खुपसून ओळींवरून बोट फिरवत होती. तिने गोंधळून मान वर केली. "बाई, सापडत नाहीये. तुम्ही वाचताय ते कितव्या पानावर आहे?"